नमुना देताना पाहिले का?

हळदीकुंकवाला बायका एकमेकींना विचारतात, "तुम्ही काय करता?" मी म्हणायची, "दवाखान्यात आहे." आणि पुढचा प्रश्न यायच्या आत वाण उचलून निघायची. माझं काम चारचौघींत सांगण्यासारखं नव्हतं. मी लोकांच्या घरी जाऊन त्यांचा बेडका गोळा करत असे. बडोद्यात त्याला गळफो म्हणतात, त्यामुळे माझ्याही तोंडात 'गळफा' हाच शब्द बसला आहे. तोंडाने सांगणं कधी जमलं नाही, म्हणून आता लिहून ठेवते.

छातीच्या रोगांच्या वॉर्डात मी बरीच वर्षं आया होते. एक दिवस मोठ्या डॉक्टरसाहेबांनी बोलावलं. ते गुजराती, पण मराठी शेजारात वाढलेले, त्यामुळे आमच्याशी मराठी बोलत आणि मध्येच गुजरातीत शिरत.

"मासी, एक अभ्यास करवानो छे."

"साहेब, माझा अभ्यास चौथीतच सुटला."

ते हसले. "तुमचा नाही, यंत्राचा. दुरून एक यंत्र आलंय. क्षयरोग आहे की नाही हे ते दोन तासांत सांगतं म्हणे. खरं सांगतं का, ते आपण बघायचं. घरोघर जाऊन सकाळचा नमुना आणणारं माणूस पाहिजे. तुम्हाला कोणी घाबरत नाही, म्हणून तुम्ही."

मला कोणी घाबरत नाही ही गोष्ट कुणाच्या उपयोगाची असेल असं मला तोवर वाटलं नव्हतं.

बाहेरच्या माणसाला कळावं म्हणून थोडं सांगते. क्षयाचे जंतू गळफ्यात असतात. आमच्या प्रयोगशाळेत हंसाबेन तो काचेवर पसरून, रंगवून दुर्बिणीखाली बघत. एकदा त्यांनी मलाही बघू दिलं. निळ्यावर बारीक लाल काड्या होत्या, शेवयांचे तुकडे सांडावेत तशा. पण जंतू थोडे असले तर दुर्बिणीला सापडत नाहीत. नवं यंत्र टेबलावरच्या ओव्हनएवढं होतं. ते जंतूला बघतच नाही, जंतूच्या आतली खूण शोधतं. मी विचारलं, "मेलेल्या जंतूची खूणपण सापडते?" साहेबांनी चष्मा काढून माझ्याकडे बघितलं. "सापडते, मासी. म्हणूनच औषध पुरं झाल्यावर तपासायला ते यंत्र कामाचं नाही. तिथे हंसाबेनच." हंसाबेन खूश झाल्या. नाहीतर त्या रोज मला टोमणा मारायच्या, "तमारुं मशीन माझी नोकरी खाणार!"

तिसरी तपासणी म्हणजे नमुना नळीत घालून जंतू वाढतात का ते बघायचं. त्याला आठ आठवडेसुद्धा लागतात, पण शेवटचा शब्द त्या नळीचा. एकाच डबीतल्या नमुन्याचे तीन भाग करून तिन्हीकडे पाठवायचे. आणि गंमत अशी की यंत्र काय म्हणालं ते हंसाबेनना सांगायचं नाही, हंसाबेन काय म्हणाल्या ते यंत्रावरच्या मुलीला सांगायचं नाही. एवढी शिकलेली माणसं पेपर लिहिणाऱ्या पोरांसारखी हात आडवा धरून बसत. मला आधी हसू यायचं. मग कळलं की दुसऱ्याचं उत्तर माहीत असलं की डोळ्यांना तेच दिसायला लागतं. डबीवर नावही नसे, नुसता नंबर. कुठला नंबर कोणाचा ते साहेबांच्या कुलपातल्या वहीत.

माझं काम या सगळ्याच्या आधीचं. शहराच्या कडेला गोरवा, छाणी, पार बाजव्यापर्यंत जायचं, संमतीचा कागद वाचून दाखवायचा, डबी द्यायची आणि खोकायला शिकवायचं. दोनदा खोल श्वास घेऊन सोडायचा, तिसऱ्यांदा घेऊन पोटातून खोकायचं. थुंकी चालत नाही, छातीतलं पाहिजे. मोकळ्या हवेत, आणि माझ्या डोळ्यांसमोर. मग डबी बर्फाच्या पेटीत आणि दहाच्या आत प्रयोगशाळेत.

माणसं तऱ्हेतऱ्हेची भेटत. छाणीच्या एका वर्कशॉपमधल्या कारागिराने तंबाखूचा मावा खाऊनच डबी भरली, वर म्हणाला, "बेन, रंग छान आलाय ने?" एका निवृत्त मुख्याध्यापकांनी संमतीचा कागद दोनदा वाचून विचारलं, "परीक्षा माझी की यंत्राची?" मी म्हटलं, "यंत्राची." ते म्हणाले, "मग माझे मार्क कापू नका." आणि एक मराठी आजी होत्या. आदल्या संध्याकाळी मी डबी देऊन आले. सकाळी गेले तर डबी स्वच्छ घासलेली आणि तिच्यात साखर! "दुसऱ्याचं भांडं रिकामं परत देऊ नये गं, आणि उष्टं तर मुळीच नाही." मी ती साखर घेऊन आले. फेकवेना, खाववेना. हंसाबेन डबी उजेडात धरून म्हणाल्या, "हा रोग मला पण होऊ दे."

आता ज्योतीबद्दल लिहिते. खरं तर हे सगळं तिच्यासाठीच लिहायला घेतलं.

गोरव्याच्या एका सोसायटीत एक मराठी कुटुंब राहत होतं. आई, कारखान्यात पाळीवर जाणारा मुलगा, त्याची बायको ज्योती, त्यांचं सव्वा वर्षाचं बाळ आणि लग्न ठरलेली मुलगी वैशाली. वैशाली एका कारखान्यात पावडरचे डबे पॅक करायची. तिचा खोकला महिनाभर हटत नव्हता, म्हणून तिला आमच्याकडे पाठवलं होतं. लग्न वैशाखात होतं.

मी सकाळी सातला पोचले. वैशालीने सही केली. आईने मला बाजूला घेतलं.

"मावशी, मुलगी लाजते. मागच्या मोरीशी जाऊन देईल. तुम्ही जरा पाठ करून उभ्या राहा ने."

नियम मला तोंडपाठ होता. पण मी स्वतः अशी की माझ्या सासरी दोन वर्षं मी कुणासमोर चूळ भरली नव्हती. मला त्या मुलीची लाज आतून कळली. मी पाठ फिरवली आणि खाटेवर वाळत घातलेल्या कुरडया मोजत राहिले. मागे खोकल्याचा आवाज आला, डबीचं झाकण फिरलं. डबी हातात आली तेव्हा नमुना चांगला, घट्ट होता. मला बरंच वाटलं.

दोन दिवसांनी साहेबांनी बोलावलं. दोन्ही उत्तरं वहीत चढली होती, आता लपवायचं काही नव्हतं. दुर्बीण 'नाही' म्हणत होती, यंत्र 'थोडे आहेत' म्हणत होतं. हंसाबेन आधी रुसल्या, मग तीच काच परत लावून बसल्या, आणि परत म्हणाल्या, "नथी. शंभर जागा बघितल्या." साहेबांच्या चेहऱ्यावर मात्र नवं खेळणं मिळाल्यासारखा आनंद. "मासी, असा नमुना म्हणजेच आपला अभ्यास! दुर्बिणीला जे चुकलं ते यंत्राला सापडलं का, नळी सांगेल. तोपर्यंत मुलीला औषध सुरू करू." मग सहज विचारल्यासारखं म्हणाले, "नमुना तुमच्यासमोरच घेतला ने?"

मी मान हलवली.

नुसती मान हलवायला काही लागत नाही. शब्द बोलावे लागले असते तर कदाचित मी अडखळले असते.

निरोप घेऊन मी गोरव्याला गेले. म्हटलं, "घाबरायचं काही नाही. सहा महिन्यांत बरा होणारा रोग आहे. वैशालीच्या नावाचा औषधाचा खोका येईल." वैशालीने आईकडे बघितलं. आईने खाली बघितलं. ज्योती बाळाला भात भरवत होती, तिचा हात मध्येच थांबला. बाळ आ करून तसंच बसलं.

"नक्की त्याच डबीत निघाले का?" ज्योतीने विचारलं.

"हो. का गं?"

"काही नाही."

मी रिक्षाच्या नाक्यापर्यंत पोचले तर ती मागून धावत आली. बाळ कडेवर होतं. श्वास लागला होता तिला, आणि ते मला तेव्हा प्रथम नीट दिसलं.

"मावशी, ती डबी मी भरली होती."

मी आलेल्या रिक्षाला हातानेच थांब म्हटलं.

"वैशूताईला काही निघालं तर लग्न मोडेल म्हणून आई म्हणाल्या, तू दे. मी धडधाकट, मला काय निघणार? बाळ झाल्यापासून सकाळी थोडा कफ येतो एवढंच. आम्हाला वाटलं, फोडणी-मसाल्याच्या ठसक्याचा असेल." मग तिने माझा हात धरला. "तुम्ही कोणाला सांगू नका. ताईच्या नावाचा खोका येतोय ने? येऊ द्या. तिच्या नावावर मी खाईन. रोग माझा, औषध मला. कोणाचं काय बिघडतं?"

रिक्षात बसून मी तेच घोकत होते. कोणाचं काय बिघडतं? लग्न वाचत होतं. ज्योतीला औषध मिळत होतं. माझी खोटी मान झाकली जात होती. एवढी सोयीची गोष्ट मला आयुष्यात कोणी दिली नव्हती. मग मी एकेक बाजू उलटून बघायला लागले. औषधाचं माप वजनावर असतं. वैशाली उंच, हाडापेराने मजबूत, आणि ज्योती एवढीशी. बाळ आईच्या तोंडाजवळ झोपतं, पण कागदावर ते आत्याच्या घरातलं बाळ ठरणार, अंगावर पाजणाऱ्या रोगी आईचं नाही. आणि वैशालीचा खोकला? तो तर अजून कोणी तपासलाच नव्हता. तिला खरंच काही असलं तर तिच्या नावाचं औषध दुसरीच्या पोटात जाणार आणि सगळे निश्चिंत राहणार. आणि त्या वहीत एक उत्तर बसणार, ज्याच्यावर पुढे किती गावचे डॉक्टर विसंबतील कोण जाणे.

त्यात यंत्राची काहीच चूक नव्हती. त्याने खरंच सांगितलं होतं. चुकलं होतं ते माणूस, आणि ते माझ्या पाठीमागे चुकलं होतं.

मी घरी न जाता परत दवाखान्यात गेले. साहेब निघायच्या तयारीत होते. मी सगळं सांगितलं, उभ्या उभ्या, जमिनीकडे बघत.

त्यांनी सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाले, "मासी, मी तुम्हाला विचारलं होतं."

"हो, साहेब."

एवढंच. ओरडले असते तर मी रडून मोकळी झाले असते. मग त्यांनी बॅग खाली ठेवली. "बाळ केवढं आहे?"

"सव्वा वर्षाचं."

"उद्या सकाळी दोघींचा नमुना पाहिजे. आणि बाळाला घेऊन या."

त्यांनी कुलूप उघडून वही काढली आणि माझ्यासमोर त्या नंबरावर लाल आडवी रेघ मारली. त्यांचा तो आवडता नमुना होता. कारण काय लिहायचं म्हणून हात थांबला, मग काहीतरी इंग्रजीत लिहिलं. मी विचारलं नाही.

पुढच्या आठवड्यापासून आमच्या कागदावर एक नवा रकाना आला. 'नमुना देताना पाहिले का?' त्याच्यापुढे माझी सही. कोणाला ठाऊक नाही, पण तो रकाना माझा आहे.

दुसऱ्या सकाळी गोरव्याला दार उघडताच वैशालीच्या आईला माझ्या तोंडावरून कळलं.

"सांगितलंत तुम्ही."

"सांगितलं, ताई. आज दोघींचं पाहिजे. आणि मी समोर उभी राहणार."

"आमच्या घराची शोभा करायची का तुम्हाला?"

मी दोन डब्या काढून मोरीच्या कठड्यावर ठेवल्या आणि समोर उभी राहिले. आधी वैशाली पुढे आली. तिला जमेना, नुसतीच कोरडी ढास. मग मी पदर तोंडाला धरून स्वतःच खोकून दाखवलं, पोटातून, मोठ्याने. पलीकडच्या बाल्कनीतल्या बेन कोण आजारी आहे ते बघायला डोकावून म्हणाल्या, "कोण मांदुं छे?" मी म्हटलं, "मी." वैशालीला हसू फुटलं आणि त्या हसण्यातच तिला खोकला आला. ज्योतीला शिकवावं लागलं नाही.

ज्योतीच्या डबीत यंत्राला जंतू सापडले. वैशालीच्या डबीत ना यंत्राला, ना दुर्बिणीला. नळीचं उत्तर यायला मात्र वेळ होता, आणि साहेबांनी स्पष्ट सांगितलं की तोवर लग्नाला थांबा. वैशालीने स्वतःच होणाऱ्या नवऱ्याला फोन करून जसं होतं तसं सांगितलं. लग्न पुढे गेलं, मोडलं नाही. त्या फोनवर काय बोलणं झालं ते मला कधी कळलं नाही. ते माझं कामही नव्हतं.

बाळाची छाती स्वच्छ होती, पण त्याला रोग होऊ नये म्हणून गोळ्या सुरू झाल्या. आणि ज्योतीच्या नावाचा खोका आला. तिच्या स्वतःच्या नावाचा. त्या वेळी औषध एक दिवसाआड, कोणाच्या तरी डोळ्यांसमोर घ्यायचं असे. ते डोळे माझे. मी आधीच सांगून ठेवलं होतं की लघवी नारिंगी होईल, घाबरू नकोस. तरी पहिल्या दिवशी ती घाबरलीच.

चौथ्या की पाचव्या खेपेला गेले तर दारात ज्योतीची पिशवी भरून ठेवलेली. ती भिंतीला टेकून बसली होती. नवरा चप्पल घालून उभा.

सासू म्हणाली, "माहेरी जातेय, धुळ्याला. तिकडे दवाखाने नाहीत का? बाळ इथे राहील. बरी झाली की येईल."

"साहेबांनी पाजायला सांगितलंय," मी म्हटलं. "तोंडाला फडकं बांधून पाजायचं. दूध तोडायचं नाही."

"साहेबांच्या घरी आहे का असं कोणी?"

ज्योतीला ठाऊक होतं आणि मलाही ठाऊक होतं, अशी 'बरी झाली की' म्हणून गेलेली बाई पुष्कळदा परत येत नाही. वॉर्डात मी अशा कितीतरी बघितल्या. औषध मध्येच सुटतं, मग कोणी पत्ता विचारायलाही येत नाही. आणि ही तर नणंदेचं लग्न वाचवायला पुढे झालेली. तिने ती डबी भरली नसती तर तिचा रोग अजून कोणाला कळलाही नसता.

मी कधी कोणाला उलट बोललेली नाही. त्या दिवशीही आवाज चढला नाही. मी खोक्यातला कागद काढला, पेन काढलं आणि म्हटलं, "चालेल, ताई. मग मला धुळ्याच्या दवाखान्याचा कागद भरावा लागेल. त्यात एक रकाना आहे, रोग कसा सापडला ते सविस्तर लिहायचा. तिथले लोक तो कागद सासर-माहेर दोन्हीकडच्या नातेवाइकांना वाचून दाखवतात. मी काय लिहू?"

असा रकाना कुठल्याही कागदावर नव्हता. पण रकाने कसे निघतात हे मला आता ठाऊक होतं.

सासू माझ्याकडे बघत राहिली. वैशाली आतून आली, पिशवी उचलली आणि आत घेऊन गेली. तिच्या भावाने चप्पल काढली. थोड्या वेळाने सासू म्हणाली, "गोळ्या उपाशीपोटी घ्यायच्या की खाऊन?" मी म्हटलं, "उपाशीपोटी, आणि अर्ध्या तासाने काहीतरी." ती स्वयंपाकघरात गेली.

ते खोटं बोलल्याचं मला वाईट वाटत नाही. मान हलवली त्याचं अजून वाटतं.

आठ आठवडे होत आले तेव्हा हंसाबेननी मला बोलावून नळ्या दाखवल्या. वैशालीची नळी शेवटपर्यंत कोरी राहिली. खोकला त्या पावडरचा होता, काम बदलल्यावर थांबला. दुसरी नळी रेघ मारलेल्या नंबराची. ती कोणी फेकली नव्हती. आत पिवळट, खडबडीत दाणे उगवले होते, रवा सांडून चिकटावा तसे. मी खूप वेळ बघत राहिले. एवढ्याशा दाण्यांनी एका घराचं काय काय केलं होतं! हंसाबेन म्हणाल्या, "मशीन खरं होतं. हरले मी." मी म्हटलं, "तो नंबर मोजणारच नाहीयेत, बेन." त्या म्हणाल्या, "वहीत नाही. माझ्या मनात मोजला."

सहा महिने ज्योतीने एक दिवस चुकवला नाही. ती भरली, गालांना रंग आला. वैशालीचं लग्न तुळशीच्या लग्नानंतरचं ठरलं, घरात अनारशांचं पीठ मळलेलं होतं, तेव्हा मी शेवटची डबी घेऊन गेले. ही हंसाबेनच्या दुर्बिणीसाठी. सगळे मोरीशी जमले होते. ज्योतीने दोन श्वास घेतले, तिसऱ्याला खोकली. डबीत काही नाही. परत खोकली. काही नाही.

"अगं, जोर लाव की जरा," सासू दारातून म्हणाली. "एवढं खायला घातलं ते गेलं कुठे?"

"लावतेय ना, आई! येतच नाही काही."

तिने पुन्हा श्वास घेतला, खोकली आणि मध्येच हसायला लागली. हसून हसून तिच्या डोळ्यांत पाणी आलं, पण छातीतून काही आलं नाही. बाळ तिच्या साडीला धरून तिची नक्कल करत खोटं खोटं खोकत होतं. शेवटी तळाला पाण्यासारखी थोडी थुंकी जमली. एरवी अशी डबी मी हातातही घेतली नसती, परत द्यायला लावली असती. त्या दिवशी घेतली, झाकण घट्ट लावलं, आणि रकान्यापुढे सही केली.